मागचे ब्रेक कमजोर झाले तर : आधी दोन प्रश्न, मग खर्च

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या व्यापारी व कारीगर बांधवांपैकी पुष्कळांचा धंदा जुन्या गाडीवर चालतो. आठवडी बाजार करणारा कापडवाला असो, रजया भरणारा असो की फर्निचरचा कारागीर असो, जुनी मारुती व्हॅन, मारुती ८००, जीप किंवा पिकअप हेच त्याचे चालते दुकान असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले आणि ओम्नी व्हॅनचे २०१९ साली. म्हणजे यांतली नव्यात नवी गाडीही आता बरीच वापरलेली आहे. अशा गाडीचे इंजिन सुरू झाले नाही तर आपण लगेच मिस्त्रीला बोलावतो, कारण दिवसाचा धंदा बुडतो. ब्रेक मात्र थोडा कमी लागू लागला तर पेडल जरा जोरात दाबून काम भागवतो, कारण त्याने धंदा अडत नाही. नुकसान येथेच सुरू होते.

आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर वसलेला आहे. तुळजापूरहून सोलापूरकडे जाताना घाट उतरावा लागतो. बाजार उरकून, शिल्लक माल आणि कामाची पोरे गाडीत घालून रात्री हा उतार उतरणारे बांधव थोडे नाहीत. तेव्हा मागचे ब्रेक कमजोर का होतात व त्याचे कारण कसे शोधावे, याची माहिती या लेखात देत आहोत. आम्ही व्यापारी आहोत, मिस्त्री नव्हे. पण तीस वर्षे गाडीतून माल वाहिल्याने गॅरेजमध्ये उभे राहून जे शिकलो, समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो. ब्रेक उघडण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. मात्र काय तपासायचे ते मालकाला माहीत असावे, म्हणजे पैसा योग्य जागी खर्च होतो.

मागच्या ब्रेकचे काम किती?

प्रथम एक गैरसमज दूर करू. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा कमी लागणे हा मुळात दोष नाही. गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते, पुढची चाके रस्त्यावर घट्ट दाबली जातात आणि मागची हलकी होतात. हलके चाक जोरात अडवले तर ते घसरते आणि गाडीची शेपूट फिरते. म्हणून कंपनी मुद्दामच पुढच्या चाकांना जास्त काम देते.

पण हा हिशेब गाडी भरली की बदलतो. व्हॅनचे मागचे सीट काढून तेथे चादरी-टॉवेलांचे गठ्ठे लावले की वजन मागच्या चाकांवर येते. आता मागची चाके रस्ता चांगली धरतात, म्हणून थांबवण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होतो. ते ब्रेक मेलेले असतील तर सगळा भार पुढच्यांवर पडतो, ते तापतात आणि उतारावर त्यांचाही जोर कमी होत जातो. शिवाय वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती सव्वादोन पट होते. त्यामुळे मागच्या ब्रेकची कमजोरी रिकाम्या गाडीत गावातल्या गावात कळत नाही. ती भरलेल्या गाडीत, वेगात आणि उतारावर कळते. आमच्या धंद्यातील माणसाने तपासणी टाळू नये, त्याचे हेच मोठे कारण आहे.

पेडल काय सांगते

चाक उघडण्यापूर्वी पेडलाकडे लक्ष द्यावे.

पेडल पहिल्या दाबाला खाली जाते, पण दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, तर बहुधा ब्रेक शू आणि ड्रम यांच्यात अंतर फार पडले आहे.

पेडल स्पंजासारखे दबते, तर ऑइलच्या पाइपांत हवा शिरली आहे.

पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कोठे तरी ऑइल गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे रबर आतून दाब सोडते आहे. या स्थितीत गाडी बाजाराला नेऊच नये.

पेडल कडक आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर काम करीत नाही. मग चारही चाकांचे ब्रेक कमी लागतात. दुसरी म्हणजे लायनर तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत.

पहिला प्रश्न : एक चाक की दोन्ही?

सपाट जमिनीवर गाडी उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गिअर न्यूट्रल करावा, मागची बाजू जॅकने उचलून खाली मजबूत घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. हँडब्रेक सोडावा. एका माणसाने पेडल हलकेच दाबावे आणि दुसऱ्याने प्रत्येक मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. पेडल हलके दाबणे महत्त्वाचे आहे, कारण जोरात दाबले तर कमजोर चाकही हाताला अडलेले वाटते आणि फरक कळत नाही. दाब हळूहळू वाढवत कोणते चाक आधी अडते, कोणते मागे राहते, ते पाहावे.

मालकाला घरीही एक अंदाज घेता येतो. थोडा ब्रेक वापरत पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून थांबावे आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्यावा. हात लावू नये, चटका बसतो. एक बाजू गरम आणि दुसरी थंड असेल तर थंड बाजू काम करीत नाही, किंवा गरम बाजूचा ब्रेक चिकटून राहिला आहे.

दुसरा प्रश्न : हँडब्रेक काय सांगतो?

बहुतेक मोटारींत हँडब्रेक हा मागच्या त्याच शूंना वायरने ओढतो, त्यात ऑइलचा संबंध नसतो. म्हणून तो फुकटचा तपासनीस आहे. चाके उचललेली असतानाच हँडब्रेक एकेक दात ओढावा आणि दोन्ही चाके फिरवून पाहावीत. हँडब्रेक चांगला धरतो पण पायाचा ब्रेक धरत नाही, तर शू व लायनर ठीक असून दोष ऑइलच्या बाजूला आहे. हँडब्रेकही धरत नाही, तर दोष ड्रमच्या आत किंवा वायरमध्ये आहे. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तेथे ही कसोटी लागू पडत नाही.

या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली की चार खाती तयार होतात.

१) एकच चाक कमजोर आणि त्याचा हँडब्रेकही कमजोर : त्या ड्रममध्ये तेल शिरले आहे, लायनर संपले आहेत, अॅडजस्टर अडकला आहे किंवा त्या बाजूची वायर जाम आहे.

२) एकच चाक कमजोर, पण हँडब्रेक चांगला : त्या चाकाचा व्हील सिलिंडर गंजून जाम झाला आहे किंवा त्याच्याकडे जाणारा पाइप चेपला अथवा तुंबला आहे.

३) दोन्ही चाके कमजोर आणि हँडब्रेकही कमजोर : शूंचे अंतर वाढले आहे, लायनर झिजले किंवा गुळगुळीत झाले आहेत, अथवा ड्रम आतून फार झिजले आहेत.

४) दोन्ही चाके कमजोर, पण हँडब्रेक चांगला : हवा, मागे जाणारा रबरी होज, मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह किंवा मास्टर सिलिंडर.

आता ध्यानात येईल की मास्टर सिलिंडर फक्त चौथ्या खात्यात येतो. तरीही ‘ब्रेक कमी लागतो’ म्हटल्याबरोबर तोच बदलण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. पहिल्या तीन खात्यांतल्या गाडीला नवा मास्टर सिलिंडर बसवणे म्हणजे फाटलेल्या बाहीसाठी नवी कॉलर शिवण्यासारखे आहे.

ड्रम उघडल्यावर काय पाहावे

तेल : लायनर ओले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे. ओले असतील तर तेल कोणते ते ओळखावे. पातळ असून रंग सोलत असेल तर ब्रेक ऑइल आहे; म्हणजे व्हील सिलिंडर गळतो. त्याच्या रबरी टोपीची कड उचलून पाहिली की ओल दिसते. दाट आणि उग्र वासाचे असेल तर ते मागच्या अॅक्सलचे गिअर ऑइल होय. हे ओम्नी व्हॅनसारख्या, मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांत होते. अॅक्सलचा ऑइल सील गेलेला असतो. मारुती ८०० मध्ये पुढची चाके ओढतात, त्यामुळे तिच्या मागच्या ड्रममध्ये गिअर ऑइल येण्याचा प्रश्न नाही. तेथे बेअरिंगचे ग्रीस किंवा ब्रेक ऑइल असेल.

सील बदलूनही तेल पुन्हा येत असेल, तर अॅक्सलवर हवा सुटण्यासाठी असलेले छोटे तोंड तपासावे. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती चिकटून ते बंद होते. मग गरम तेलाचा दाब कोठून तरी बाहेर पडतो, तो सीलमधून. अॅक्सलमध्ये तेल जास्त भरले असले तरी हेच होते.

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा कामाचा होत नाही. वरून कोरडा दिसतो, पण तापला की आतले तेल पुन्हा वर येते. तो बदलावाच लागतो, आणि दोन्ही चाकांचा बदलावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या धरतील.

लायनर आणि ड्रम : रिबिटचे लायनर रिबिटच्या डोक्यापर्यंत झिजले की ड्रमला चरे पडतात. ड्रम लेथवर लावून साफ करता येतो, पण त्याला मर्यादा आहे. आतला जास्तीत जास्त व्यास किती चालेल ते बहुतेक ड्रमवर कोरलेले असते. त्यापुढे कापलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, आणि नवा शू त्याला पूर्ण टेकत नाही. नवे लायनर घालूनही ब्रेक धरत नसेल तर हे माप घ्यावे.

अॅडजस्टर : शू झिजत जाईल तसे अंतर भरून काढणे हे अॅडजस्टरचे काम. काही गाड्यांत तो हाताने फिरवावा लागतो, काहींत आपोआप फिरतो. आपोआप फिरणाराही धूळ आणि गंजाने अडकतो. स्क्रूच्या प्रकारात डाव्या आणि उजव्या चाकाचे आटे उलट असतात. दोन्ही बाजू एकदम उघडल्या आणि अदलाबदल झाली, तर अॅडजस्टर अंतर कमी करण्याऐवजी वाढवतो. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडावी, दुसरी नमुना म्हणून बंद ठेवावी, आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा.

हँडब्रेकची वायर : ढिला ब्रेक लपवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी नुसती वायर ताणून देतात. त्याने शू आपल्या मूळ जागेवर परत बसत नाहीत आणि आपोआप चालणारा अॅडजस्टर थांबतो. योग्य क्रम असा : आधी वायर सैल करावी, मग शूंचे अंतर बसवावे, आणि सर्वांत शेवटी वायर ताणावी.

ऑइलच्या बाजूचे दोष

अनेक गाड्यांत मागच्या अॅक्सलकडे एकच रबरी होज जातो आणि तेथून दोन्ही चाकांना फाटे फुटतात. हा होज आतून फुगून बंद झाला तर दोन्ही चाके एकदम कमजोर होतात. तो बाहेरून चांगला दिसला म्हणजे आतून चांगला असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट माल वाहणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. काही व्हॅन व पिकअप गाड्यांत अॅक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. मालाने बॉडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामी असताना कमी. आपले बांधव जास्त माल घालता यावा म्हणून मागे एखादा पाटा वाढवतात. मग भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजतो आणि मागे दाब कमी जातो. ज्या गाडीला जास्त ब्रेक हवा तिलाच कमी मिळतो. अशा गाडीत नवे लायनर, नवा सिलिंडर, काहीही घाला, गुण येणार नाही. पाटा काढावा, किंवा कंपनीच्या मापाप्रमाणे व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. त्याचा दांडा गंजून जागच्या जागी अडकला आहे का, तेही पाहावे.

ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेक तापले की जुने ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल मोकळे जाते. यासाठी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, ते सीलबंद डब्यातलेच घ्यावे. ऑइल कमी झाले म्हणून इंजिन ऑइल कधीही घालू नये, त्याने सगळी रबरे फुगतात.

हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे असते. पण ज्या गाडीत पाइपांच्या दोन वाटा तिरप्या जोडलेल्या असतात, तेथे कंपनीच्या पुस्तकातला क्रम पाळावा.

एक उदाहरण

आमच्या माहितीतील एका व्हॅनचे पेडल कडक असूनही माल भरल्यावर गाडी लांब जाऊन थांबे. एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर बदलण्यास सांगितले गेले. त्याआधी चाके उचलून पाहिली, तेव्हा मागचे उजवे चाक ठीक अडत होते, डावे पेडलालाही अडत नव्हते आणि हँडब्रेकलाही नाही. म्हणजे पहिले खाते. डावा ड्रम उघडल्यावर आत गिअर ऑइल निघाले, आणि अॅक्सलवरचे हवेचे तोंड मातीने बुजलेले होते. ऑइल सील बदलला, दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, हवेचे तोंड साफ केले आणि काम झाले. मास्टर सिलिंडरला हात लावावा लागला नाही. तो बदलला असता तर पैसे गेले असते आणि ब्रेक होता तसाच राहिला असता. त्याहून वाईट म्हणजे ‘आता नवा सामान बसवला आहे’ या भरवशावर मालक घाट उतरला असता.

काम करताना आणि झाल्यावर

ड्रममधील धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये काम करणारी पोरे आपलीच आहेत, त्यांनाही हे सांगावे. सफाईला डिझेल किंवा रॉकेल वापरू नये.

सुटे भाग घेताना बिल घ्यावे आणि जुना भाग परत मागावा. दहा रुपयांनी स्वस्त मिळणारे रबर किट जर सहा महिन्यांत गळणार असेल, तर तो नफ्याचा सौदा नाही.

काम झाल्यावर गाडी थेट बाजाराला नेऊ नये. मोकळ्या, सपाट जागेत आधी ताशी २० आणि मग ४० किलोमीटर वेगाने सरळ जाऊन ब्रेक दाबून पाहावा. गाडी एका बाजूला ओढू नये, आणि मागची चाके पुढच्यांच्या आधी घसरू नयेत. तसे झाले तर मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतो आहे, आणि तोही धोकाच आहे. नव्या लायनरला बसायला वेळ लागतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर माल कमी भरावा, ब्रेक जपून वापरावा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नये. बूस्टर असलेल्या गाडीत उतारावर इंजिन बंद केले तर दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखे होते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडी तपासली जाते हे खरे. पण पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीवर पाच वर्षांचे घाट सोपवता येत नाहीत. आम्ही दुकानाचा हिशेब वर्षातून एकदा तरी मिळवतोच. तसा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या माल-भरतीआधी, मागच्या चाकांचा हिशेब मिळवावा. त्याला जॅक, दोन घोड्या, एक सोबती आणि अर्धा तास लागतो. वर दिलेले दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे ज्या खात्याकडे बोट दाखवतील, तेथेच खर्च करावा.